चाळीस उपकेंद्रं, चौदाशे चाळीस माणसं: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

१२ जून, विटा

आराखड्याची पहिली बैठक झाली. प्रश्न सरळ आहे. आशाताईंनी महिन्यातून एकदा घरी जाऊन रक्तदाब मोजला आणि गोळ्या संपायच्या आत पुढच्या महिन्याच्या गोळ्या पोचवल्या, तर वर्षभरानं वरचा आकडा खरोखर खाली येतो का? जागा सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग: खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत.

तुलनेसाठी निम्म्यांकडे ताईंची घरभेट, निम्म्यांकडे नेहमीचेच उपचार, आणि कोण कुठल्या बाजूला हे चिठ्ठीनं ठरवायचं. पण माणसागणिक चिठ्ठी टाकता येणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत. एकच आशाताई या घरात जाईल आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात जाणार नाही, हे गावात चालत नाही. शेजारीण विचारणारच, "माझा बी बघ की गं." ताई बघणार, आणि बघायलाच हवं. म्हणून चिठ्ठी अख्ख्या उपकेंद्राची. एका उपकेंद्राखालची सगळी गावं एकाच बाजूला.

याची किंमत मोजावी लागते आणि बैठकीत तिथंच अडलं. निधी देणाऱ्यांकडून आलेल्या सल्लागारांचं म्हणणं, बारा उपकेंद्रं घ्या, प्रत्येकात माणसं वाढवा, पेट्रोल वाचेल. डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी एक दिवस मागून घेतला.

१३ जून

आकडेमोड इथं पूर्ण लिहून ठेवते, पुन्हा कुणी विचारलं तर हेच पान दाखवायचं.

दोन बाजूंत वरच्या रक्तदाबाचा सरासरी ५ मिमीचा (पाऱ्याच्या) फरक पकडायचा आहे. माणसामाणसांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १८ धरलं. ८० टक्के ताकद, म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता; आणि फरक नसताना आहे म्हणण्याच्या चुकीची ५ टक्के मुभा. माणसागणिक चिठ्ठी असती तर प्रत्येक बाजूला २०४ माणसं पुरली असती.

पण एका उपकेंद्रातली माणसं एकमेकांसारखी असतात. तेच पाणी, तेच किराणा दुकान, लोणच्या-पापडाचं तेच मीठ, तोच डॉक्टर, तीच ताई, तेच मशीन. या सारखेपणाचा आकडा म्हणजे आयसीसी. तो ०.०५ धरला. बघायला किरकोळ दिसतो. त्यामुळं माणसं किती पट वाढवावी लागतात, त्या फुगवट्याचं सूत्र असं: १ + (एका गटातली माणसं − १) × आयसीसी. गटात ३० माणसं असतील तर १ + २९ × ०.०५ = २.४५. म्हणजे २०४ ऐवजी ५०० माणसं लागणार. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर एका उपकेंद्रातली ३० माणसं मिळून माहिती देतात फक्त १२ माणसांइतकी.

आता सल्लागारांची सूचना. त्याच उपकेंद्रात ३० ऐवजी ३०० माणसं मोजली तर? ३०० भागिले १५.९५, म्हणजे जेमतेम १९. दहापट मेहनत, दहापट पेट्रोल, आणि हाती १२ चे १९. माणसं कितीही वाढवली तरी एका गटातून २० च्या वर माहिती निघत नाही, कारण १ भागिले ०.०५ म्हणजे २०. बारा उपकेंद्रं म्हणजे एका बाजूला सहा. सहा गुणिले २० म्हणजे १२०. लागतात २०४. त्या सहा उपकेंद्रांतल्या शेवटच्या माणसाचा रक्तदाब मोजला तरी उत्तर मिळणार नाही.

हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. आमचे सुपरवायझर दादा म्हणाले, "म्हंजे विहीर एकच, पोहरे कितीबी टाका." मला वर्षानुवर्षं सांगता न आलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली.

१९ जून

हे मला इतकं का लागतं, ते एकदा लिहून टाकते.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेत होते. चार गावांत कार्यक्रम, चार गावांत नाही. माणसं पुष्कळ होती, म्हणून मी सरळ माणसागणिक विश्लेषण केलं. पी-व्हॅल्यू, म्हणजे परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता, सुंदर, अगदी छोटी आली. अहवाल गेला, कार्यक्रम आणखी गावांत नेला गेला. पुढं कळलं की कार्यक्रमाच्या चारांपैकी दोन गावांत आधीपासूनच एक चांगला डॉक्टर दर आठवड्याला येत होता. मी आठ गावांची तुलना केली होती आणि शेकडो माणसांची केली असं लिहिलं होतं. ते विश्लेषण माझ्या हातचं होतं.

जेरोम कॉर्नफिल्ड यांनी १९७८ मध्येच बजावलं होतं: चिठ्ठी गटांची टाकायची आणि हिशोब माणसांचा करायचा, ही स्वतःचीच फसवणूक. ती किती मोठी, हे आमच्याच आकड्यांवर काढलं. फुगवटा २.४५ असताना साधं विश्लेषण केलं, तर काहीही परिणाम नसतानासुद्धा शंभरात साधारण २१ वेळा "फरक आहे" असं उत्तर येईल. आपण मात्र शंभरात ५ वेळाच चुकतो आहोत, असं समजत राहणार.

२६ जून

आयसीसी ०.०५ का, असं डॉक्टर मॅडमनी विचारलं. प्राथमिक आरोग्याच्या अभ्यासांत माणसांवर मोजलेल्या गोष्टींचे आयसीसी बहुतेक ०.०१ ते ०.०५ च्या आसपास येतात. आपल्या भागाचा आकडा हाताशी नाही, म्हणून वरचं टोक धरलं. कमी धरून पैसे वाचवण्यात अर्थ नाही, कारण वर्षभरानंतर गट वाढवता येत नाहीत.

शिवाय सगळी उपकेंद्रं सारखी नाहीत. डोंगराकडच्या वस्त्यांत माणसं कमी मिळणार, विट्याजवळ जास्त. हा असमानपणा धरला, गटांच्या आकारातला चढउतार सरासरी आकाराच्या ०.४ पट घेतला, तर फुगवटा २.४५ चा २.६९ होतो. माणसं ५४९, म्हणजे ३०-३० चे १९ गट. मोजक्या गटांसाठी एक वाढवून एका बाजूला २०, एकूण ४० उपकेंद्रं. वर्षात १५ टक्के माणसं हातची जातील असं धरून दर उपकेंद्रात ३० ऐवजी ३६. एकूण १,४४०.

बैठकीत उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची ट्रायल दाखवली. निष्कर्ष २००९ मध्ये आले. १,३१,७४६ स्त्रिया, हा आकडा ऐकून सगळे थक्क होतात. मी मात्र ५२ वर बोट ठेवलं. चार बाजू आणि ५२ गट, म्हणजे प्रत्येक बाजूला १३. झारखंड-ओडिशातली महिला गटांची ट्रायल, २०१० मधली, तिची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या वर, आणि गट ३६. त्यापुढं आमचे ४० फार वाटले नाहीत. निधीवाल्यांनी ४० मान्य केले.

४ जुलै, आटपाडी

उपकेंद्रं निवडायला दोन दिवस दादांबरोबर फिरले. कागदावर मी तालुके आणि लोकसंख्या एवढंच घेतलं होतं. दादा म्हणाले, "ताई, हितं तालुका बघू नका, पाणी बघा." टेंभू सिंचन योजनेचं पाणी खानापूर-आटपाडीत आलं, म्हैसाळ योजनेचं कवठेमहांकाळ-जतकडं. पाणी आलेल्या गावात डाळिंब, द्राक्षं, ऊस. पैसा खेळतो, खासगी दवाखान्यात जाणं परवडतं. दहा किलोमीटरवर पाणी न आलेलं गाव, तिथं निम्मी घरं हंगामात बंद. या दोन गावांतला रक्तदाबाच्या उपचाराचा फरक आमच्या कार्यक्रमाच्या परिणामापेक्षा मोठा असू शकेल. नशिबानं पाण्याची गावं एकाच बाजूला पडली, तर वर्षभर आम्ही पाणीच मोजत बसू.

तेव्हा तालुका हा थर ठेवायचा, प्रत्येकात १० उपकेंद्रं, ५ इकडं ५ तिकडं. त्याच्या जोडीला सिंचन, लोकसंख्या, प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनचं अंतर आणि सुरुवातीचा सरासरी रक्तदाब यांचा समतोल पाहायचा.

आठवडी बाजाराचाही प्रश्न आहे. दोन शेजारी उपकेंद्रांची माणसं एकाच बाजारात येतात, ताया एकाच बैठकीला बसतात. इकडची युक्ती तिकडं गेली तर फरक पुसट होतो. म्हणून हद्दीला हद्द लागलेली उपकेंद्रं शक्यतो घेतली नाहीत. जिथं नाइलाज झाला, तिथं मोजणीची माणसं मधल्या गावांतली घ्यायची, वेशीवरच्या वस्त्यांतली नाहीत. सेवा मात्र सगळ्यांना मिळणार.

१५ जुलै

नैतिक समितीचे प्रश्न आले. चांगले प्रश्न आहेत.

पहिला: गावाची परवानगी घेतली की माणसाची घ्यायची का? घ्यायची. ग्रामपंचायत आम्हाला गावात येऊ देईल, पण कुणाच्या दंडाला पट्टा बांधायचा हे ज्याचा त्यानं ठरवायचं. गटांच्या चिठ्ठीच्या ट्रायल्समधल्या नैतिकतेवरच्या २०१२ च्या ओटावा निवेदनातही हेच म्हटलं आहे, द्वारपालाची परवानगी ही माणसाच्या संमतीची जागा घेत नाही. एका सरपंचांनी "मी सही केली, आता कोण नाही म्हणतंय" असं सांगितलं, तेव्हा त्यांना हे समजावायला अर्धा तास गेला, पण पटलं.

दुसरा: दुसऱ्या बाजूच्या गावांना काय मिळणार? धाराशिवच्या ट्रायलमध्ये तुलनेच्या गटात तपासणी नव्हती, आणि त्यावर पुढं बराच वाद झाला. आपल्याकडे सरकारी उपचार चालू आहेत, ते कुणाचेच कमी होणार नाहीत. शेजारच्या सातारा जिल्ह्यात तर २०१८ च्या सुमारास देशपातळीवरच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचं काम सुरू झालं. म्हणजे गोळ्यांचा उपयोग होतो का, हा प्रश्नच नाही; प्रश्न फक्त ताईंच्या घरभेटीचा. आणि नियम असा केला की मोजताना वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर दिसला, तर बाजू कुठलीही असो, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. गाडीभाड्याची तरतूद केली.

तिसरा समितीचा नव्हता, पंचायत समितीतून आला: जिथं गरज जास्त त्या गावांना आधी का देत नाही? मागणी माणुसकीची आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं होतं. मी लॅनर्कशरची गोष्ट सांगितली. १९३० साली स्कॉटलंडमध्ये वीस हजार शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला, निम्म्यांना दूध, निम्म्यांना नाही. शिक्षकांना मुलांची अदलाबदल करायची मुभा होती, आणि त्यांनी दयेपोटी हडकुळ्या मुलांना दुधाच्या गटात घातलं. शेवटी तुलनेची मुलं आधीपासूनच वजनानं भारी निघाली आणि दुधाचा नेमका फायदा किती, हे एवढ्या मोठ्या प्रयोगातून धड सांगता आलं नाही. १९३१ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहिणाऱ्या संख्याशास्त्रज्ञानं ते दाखवून दिलं. सभापतींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग चिठ्ठी आमच्यासमोर काढा." मान्य केलं.

२ ऑगस्ट

रंगीत तालीम. ट्रायलमध्ये नसलेल्या एका गावात मोजणीचा सराव.

सकाळी सव्वासातला एका घरी गेलो. आजी गोठ्यातून आल्या, मिश्री लावून झालेली, चुलीवर चहा. आमच्या पथकातल्या मुलीनं लगेच पट्टा काढला. मी थांबवलं. तंबाखू, मिश्री, चहा झाल्यावर अर्धा तास थांबायचं. अर्धा तास अंगणात बसून राहिलो. मग आजींना भिंतीला पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर, हाताखाली उशी, दंड छातीच्या उंचीला. पोलक्याची बाही घट्ट होती, ती वर गुंडाळली की दंड आवळतो आणि आकडा चुकतो, म्हणून पट्टा पातळ बाहीवरूनच बांधला. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. आजींना हे सगळ्यात अवघड गेलं. पहिला आकडा १६८, दुसरा १५४, तिसरा १५१. पहिला सोडायचा, पुढच्या दोघांची सरासरी १५२.५. पहिल्यावरच थांबलो असतो तर पंधरा मिमी जास्त लिहून आलो असतो. आम्हाला शोधायचा फरक ५ चा आहे.

संध्याकाळी वह्या पाहिल्या. एका वहीत ४० नोंदींपैकी ३१ शून्यावर संपत होत्या. नीट मोजलं तर चारेक यायला हव्यात. मुलगा प्रामाणिक आहे, मशीनवर १३७ दिसलं की "१४०च धरू" असं त्याला सवयीनं वाटतं. त्यानं पूर्वी जिथं काम केलं तिथं असंच शिकवलं होतं. पण आमच्याकडे १४० ही भरतीची रेषा. १३७ चा माणूस उगाच आत येतो आणि पुढच्या वेळी १३७ लिहिला गेला की सुधारला असं दिसतं. उपाय: प्रत्येक आकड्याचा मोबाइलवर फोटो, आणि दर शनिवारी शेवटच्या अंकांचा तक्ता मी बघणार. त्या मुलाला मी बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं तीच वही घेऊन दुसऱ्या दिवशी सगळी घरं पुन्हा केली.

२१ ऑगस्ट

क्रम बदलला. मूळ आराखड्यात आधी चिठ्ठी, मग भरती असं होतं. डॉक्टर मॅडमनी शंका काढली: आपलं उपकेंद्र कार्यक्रमात आलंय हे ताईंना कळलं, तर त्या ज्यांना खरी गरज आहे अशी माणसं पुढं आणतील. चांगल्या मनानंच आणतील, पण दोन बाजूंची माणसं वेगळी होतील. गटांची चिठ्ठी चोख असली तरी माणसांच्या निवडीतून पक्षपात आत शिरतो. म्हणून आता घरयादी, दोन वेगळ्या दिवशी चाचणी, यादीतून संगणकानं ३६ जणांची निवड, संमती, पहिली मोजणी, हे सगळं चाळीसही ठिकाणी संपल्यावरच चिठ्ठी. भरती आमची माणसं करणार, ताई नाहीत.

वेळही त्यामुळंच ठरली. दसरा-दिवाळी झाली की जत, आटपाडीतली ऊसतोडीची बिऱ्हाडं कारखान्यांकडं जातात, ती मार्चनंतर परततात. मेंढरांमागची माणसंही हिंडतीवर असतात. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले तर वर्षभर देशभर सोन्या-चांदीच्या कामावर, गावी यात्रेला नाहीतर दिवाळीला. पहिली मोजणी सप्टेंबरात केली आणि पुढची २०२६ च्या सप्टेंबरात, तर ऊसतोडवाले दोन्ही वेळा घरी सापडतील. थंडीत रक्तदाब चढतो, तेही त्याच महिन्यामुळं टळेल. गलाईवाल्यांपैकी वर्षात सहा महिनेही गावी नसतात त्यांना घेतलं नाही. हे चिठ्ठीआधी लिहून ठेवलं.

२८ ऑगस्ट

सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी झाली, पहिला माणूस भरती व्हायच्या आत.

१८ सप्टेंबर

चार पथकं, दर उपकेंद्राला तीन दिवस. १९ उपकेंद्रं झाली. जतच्या पूर्वेकडच्या एका उपकेंद्रात यादीत पात्र माणसंच ३१ भरली. दादांनी शेजारच्या उपकेंद्रातली पाच घेऊ का विचारलं. नको. ३१ तर ३१. असमान गटांची तरतूद म्हणूनच केली होती. शेवटच्या अंकांचा तक्ता आता सरळ आहे, शून्य ११ टक्के.

३० सप्टेंबर

विश्लेषणाचा आराखडा लिहिला, आणि आर या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत खोटा डेटा बनवून त्यावर चालवून पाहिला. मुख्य विश्लेषण: वर्षानंतरचा वरचा रक्तदाब, सोबत त्याच माणसाचा सुरुवातीचा रक्तदाब, तालुका आणि समतोलासाठी वापरलेल्या सगळ्या गोष्टी, आणि उपकेंद्राचा यादृच्छिक परिणाम, म्हणजे एका उपकेंद्रातल्या माणसांच्या सारखेपणाचा हिशोब. याला मिश्र मॉडेल म्हणतात. गट ४० च असल्यामुळं केनवर्ड-रॉजर दुरुस्ती, म्हणजे मोजक्या गटांवरून उगाच जास्त खात्री वाटू नये. जो ज्या बाजूला पडला तो त्याच बाजूला मोजायचा, ताई घरी गेल्या असोत वा नसोत.

दुसरी वाट पडताळणीसाठी: प्रत्येक उपकेंद्राची एक दुरुस्त सरासरी काढायची आणि चाळीस आकड्यांवर साधी टी-टेस्ट, म्हणजे दोन बाजूंच्या सरासरींची तुलना. मला हीच जास्त आवडते. चाळीस ठिपके एका कागदावर मावतात, सरपंचही पाहू शकतात.

परिणाम शून्य ठेवून खोटे डेटा हजार वेळा बनवले. उपकेंद्र विसरून केलेल्या साध्या विश्लेषणानं दोनशेहून जास्त वेळा फरक दाखवला. मिश्र मॉडेलनं पन्नासच्या आसपास. जूनमध्ये कागदावर काढलेले २१ टक्के आता पडद्यावर दिसले. मॅडमना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या हे चित्र टीमच्या खोलीत लावू. लावलं.

९ ऑक्टोबर

मोजणी काल संपली. ३६ प्रमाणे १,४४० हवे होते, चार उपकेंद्रं अपुरी राहून १,४२१ झाले.

आता चिठ्ठीची तयारी. प्रत्येक तालुक्यात १० पैकी ५ निवडायचे मार्ग २५२. चार तालुके मिळून ४०३ कोटींहून जास्त वाटण्या. त्यांतल्या एक लाख संगणकानं उचलल्या, प्रत्येकीला समतोलाचा गुण दिला, उत्तम दहा हजार ठेवल्या. कुठली दोन उपकेंद्रं नेहमी एकत्रच किंवा कधीच एकत्र नाहीत असं झालंय का, तेही तपासलं, नाही. त्या दहा हजार वाटण्यांना ०००० ते ९९९९ क्रमांक दिले. छापील यादी लाखबंद पाकिटात मॅडमकडं, प्रत नैतिक समितीकडं. यादी मी बनवली आहे, म्हणून चिठ्ठीला हात मी लावणार नाही.

१३ ऑक्टोबर, विटा

सभागृहात दीडशेच्या वर माणसं. चाळीस उपकेंद्रांच्या आरोग्यसेविका, बऱ्याच आशाताई, गटप्रवर्तक, सरपंच, सभापती. स्टीलच्या डब्यात ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या. अंगणवाडीच्या एका सेविकेनं काढायची, वाचायची, परत घालून डबा हलवायचा, असं चार वेळा. चार, शून्य, शून्य, सात. फळ्यावर लिहिलं. मॅडमनी पाकीट फोडलं, ४००७ ची ओळ काढली आणि तालुक्याप्रमाणे नावं वाचली.

आटपाडीचं पाचवं नाव वाचून झालं तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक ताई उठल्या. त्यांचं उपकेंद्र आलं नव्हतं. "आमच्या म्हाताऱ्यांनी काय वरीसभर वाट बघायची?" आवाज चढला नव्हता, पण सगळं सभागृह वळलं. मॅडमनी माईक खाली ठेवला आणि त्यांच्यापाशी जाऊन बोलल्या. गोळ्या आणि केंद्रातली तपासणी आज आहे तशीच राहणार. १८० दिसलं तर गाडी येणार. आणि घरभेटीचा उपयोग ठरला, तर २०२६ ची मोजणी संपली की पहिलं प्रशिक्षण आणि मशीनं या वीस उपकेंद्रांना. ताई म्हणाल्या, "लिहून द्या."

इतिवृत्तात ठराव म्हणून लिहिलं. सभापतींनी सही केली, ताईंनीही केली. एक झेरॉक्स त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवली.

परतताना दादांनी चाळीसही मशीनं मोजून पेटीत भरली. वीस उद्या सकाळी सातला निघतील, आधी जत.